पॅसेंजर गाडीचा धनी कोण?

माळरान

नमस्कार.

पुणे–मिरज मार्गावरच्या एका लहान स्टेशनापासून आमचे घर चालत दहा मिनिटांवर आहे. स्टेशनाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण तिथली मंडळी भली आहेत आणि माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. मी शाळेत असल्यापासून सकाळची पॅसेंजर हेच आमच्या गावाचे घड्याळ होते. गवळी खिडक्यांच्या गजांना आकडे अडकवून दुधाच्या किटल्या बाहेरून लटकवत, त्यामुळे गाडी फलाटात शिरताना इंजिनाच्या आवाजाआधी किटल्यांचा खडखडाट ऐकू येई. सांगलीच्या कॉलेजांत जाणारी मुले दाराशी उभी असत. मिरजेच्या दवाखान्यांकडे निघालेली माणसे आजाऱ्याला बाकावर आडवे करून स्वतः खाली बसत, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करीत नसे.

मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा हीही थांबली. ते समजण्यासारखे होते. पुढे लांब पल्ल्याच्या गाड्या एकेक करून परतल्या, पॅसेंजर मात्र फार उशिरा आली, आणि आली तीही एक्सप्रेसचे भाडे घेऊन. डबे तेच, बाकडी तीच, वेगही तोच. फक्त दहा रुपयांच्या ठिकाणी तीस रुपये. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस किमान भाडे पुन्हा दहा रुपयांवर आले, याचा आनंद आहे. मधल्या काळात मात्र आमच्या गावातल्या ज्या मुलांनी वडिलांना कर्ज काढायला लावून दुचाकी घेतल्या, ती मुले काही परत रेल्वेकडे आली नाहीत.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण गेल्या महिन्यात घडले. मिरजेहून संध्याकाळच्या गाडीने परत येत होतो. आमच्या आधीच्या स्टेशनावर गाडी बाजूच्या रुळावर घेतली आणि तिथे ती पंचावन्न मिनिटे उभी राहिली. त्या वेळात शेजारून दोन एक्सप्रेस आणि एक मालगाडी निघून गेली. समोरच्या बाकावर एक बाई होत्या, त्यांच्या सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच दिवशी सकाळी झाली होती आणि हिरवी पट्टी बांधलेल्या त्या म्हातारीने पंचावन्न मिनिटांत तीनदा विचारले, "आलं का गं आपलं गाव?" गाव तिथून सहा किलोमीटरवर होते.

माझा प्रश्न साधा आहे. देशातल्या या एवढ्या मोठ्या रेल्वेव्यवस्थेत पॅसेंजर गाडी नक्की कुणाची असते? ती किती वाजता सुटावी, कुठे थांबावी, कुणासाठी बाजूला व्हावे, हे कोण ठरवते, आणि तिच्या बाजूने बोलणारे त्या टेबलाशी कुणी असते का? जाणकारांनी कृपया लिहावे.

टोकनगोळा

माळरान, आपला प्रसंग वाचला. मी स्टेशन मास्तर म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि त्या काळात आपल्यासारख्या शेकडो प्रवाशांना लूप लाईनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, तिष्ठत ठेवण्याचे काम माझ्याच हातून झाले आहे. तेव्हा निदान त्यामागची रीत तरी सांगतो.

दोन स्टेशनांमधल्या मार्गाला आम्ही ब्लॉक सेक्शन म्हणतो. जुन्या पद्धतीत त्या संपूर्ण टापूत एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढच्या स्टेशनाने "लाईन क्लिअर" दिल्याशिवाय माझ्याकडून गाडी सुटत नसे. मी ज्या एकेरी मार्गावर प्रथम लागलो, तिथे ब्लॉकच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडे. तो गोळा म्हणजे ड्रायव्हरचा परवाना. कातडी पिशवीत घालून, ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधून, न थांबता जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ती हात उंच करून द्यावी लागे, आणि त्याच वेळी तो मागच्या सेक्शनचा गोळा खाली फेकत असे. पावसाळ्यात रात्री कंदिलाच्या उजेडात फेकलेला गोळा गवतात शोधण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला गाड्यांचे वेळापत्रक म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. गोळा सापडेपर्यंत सेक्शन बंद!

आता क्रम. अपघाताच्या जागी निघालेली मदतगाडी सर्वांच्या आधी, हे कुणालाही पटेल. त्यानंतर मोठ्या मानाच्या गाड्या, मग सुपरफास्ट, मग साध्या मेल-एक्सप्रेस, मग पॅसेंजर. मालगाडी कागदावर पॅसेंजरच्या खाली येते. आता एक गोम ऐका. हल्लीच्या लांबच लांब मालगाड्या पुष्कळ स्टेशनांच्या लूपमध्ये मावतच नाहीत. जी मावत नाही, ती मुख्य रुळावरच राहणार. मग जी मावते तिला आत घ्यावे लागते, आणि पॅसेंजर सगळीकडे मावते. तिचा आटोपशीरपणाच तिच्या मुळावर येतो.

लूपमध्ये शिरण्याची किंमतही असते. सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, जुन्या, अधिक वाकड्या घडणीचा असेल तर ताशी १५ किलोमीटर, सुधारलेला असेल तर ३० या वेगाने आत जायचे. संपूर्ण गाडी आत येऊन सांधा मोकळा झाला की तो पुन्हा मुख्य मार्गाला लावायचा, मागच्या स्टेशनाला लाईन क्लिअर द्यायची, मग तिकडून एक्सप्रेस निघणार, ती येऊन पुढे जाणार, पुढच्या स्टेशनात पोहोचल्याचे कळणार आणि त्यानंतर पॅसेंजरची पाळी. एका गाडीला पुढे काढण्यात वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. मागोमाग दुसरी एक्सप्रेस असेल तर कंट्रोलर, म्हणजे टापूतल्या सगळ्या गाड्यांची हालचाल फोनवरून ठरवणारा अधिकारी, म्हणतो, "आता हीही जाऊ दे, मग सोड." आपली पंचावन्न मिनिटे अशी झाली असावीत.

आमच्या काळी कंट्रोलचा फोन वाजला की तो बहुधा कुठल्यातरी एक्सप्रेसच्या चार मिनिटांबद्दल असे. पॅसेंजरच्या चाळीस मिनिटांबद्दल मला जाब विचारला गेल्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रसंग आठवतात. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

पाचअंकी

टोकनगोळा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्याजोगा आहे. मी वेळापत्रके जमवणारा माणूस. म्हणून कागदाच्या बाजूने थोडी भर घालतो.

२० डिसेंबर २०१० पासून देशातल्या सर्व प्रवासी गाड्यांना पाच अंकी क्रमांक मिळाले. पहिल्या आकड्यावरून गाडीची जात कळते. १ आणि २ म्हणजे लांब पल्ल्याच्या, ५ म्हणजे इंजिन जोडून चालणारी साधी पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू (वेगळे इंजिन न लावता विजेवर धावणारी गाडी), ७ म्हणजे डेमू (तशीच, पण डिझेलवरची), ९ म्हणजे मुंबईची लोकल. शून्य हा आकडा विशेष गाड्यांचा, म्हणजे सणासुदीला येऊन जाणाऱ्या पाहुण्यांचा. २०२० मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या सगळ्याच शून्य लावून. नोव्हेंबर २०२१ मध्ये मेल-एक्सप्रेसचे शून्य काढून त्यांचे जुने क्रमांक परत देण्यात आले. पॅसेंजर मात्र त्यानंतरही दीर्घकाळ शून्य मिरवत आणि एक्सप्रेसचे भाडे आकारत धावत राहिल्या. घरातल्याच माणसाला वर्षानुवर्षे पाहुणा म्हणून वागवावे, तसा तो प्रकार होता. पाहुण्याला घराबद्दल तक्रार करता येत नाही.

त्याच काळात आणखी दोन गोष्टी झाल्या. जून २०२० मध्ये २०० किलोमीटरपेक्षा लांब धावणाऱ्या पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेस करण्याची सूचना निघाली, आणि आयआयटी मुंबईच्या साहाय्याने संपूर्ण वेळापत्रकाची नव्याने, अगदी शून्यापासून मांडणी करण्याचे काम हाती घेण्यात आले. गाड्यांच्या मार्गिका नीट लावल्या तर दुरुस्तीसाठी मोकळा वेळ मिळतो आणि मालगाड्यांनाही वाट मिळते, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. तथापि अशा मांडणीत जो थांबा "तोट्याचा" दिसतो तो आधी गळतो, आणि लहान स्टेशनांचे थांबे तोट्याचेच दिसणार.

एक्सप्रेस करणे म्हणजे काय, तेही पाहावे. मोठ्या रुळांच्या (ब्रॉडगेज) मार्गावर सरासरी ताशी ५५ किलोमीटर वेग साधला की गाडी "सुपरफास्ट" होते आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पंधरा रुपये अधिभार लागतो. ५५! हे ऐकून एसटीच्या चालकालाही हसू येईल. तेव्हा वर्ग बदलला म्हणजे गाडी सुधारली, असा अर्थ कुणी घेऊ नये.

थांबा परत मागितला तर काही वेळा "प्रायोगिक थांबा" मिळतो, बहुधा सहा महिन्यांसाठी. त्या मुदतीत तिकिटे किती खपली हे पाहून पुढचे ठरते. मोडलेली सवय सहा महिन्यांत परत येत नाही, हे माळरान यांनी लिहिलेल्या दुचाकींवरून लक्षात यावे.

दिवा_जंक्शन

आमच्या कोकणातली कथा याहून निराळी नाही, फक्त तिच्यात समुद्र जवळ आहे.

दादर–रत्नागिरी पॅसेंजर ही चाकरमान्यांची गाडी. दादरला बसले की चिपळूण, संगमेश्वर करत थेट गावी. करोनानंतर ती सुरू झाली ती दिव्यापासून. नकाशावर पाहणाऱ्याला दादर ते दिवा हे अंतर किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात सत्तरीच्या आत्याबाई, दोन आंब्यांच्या पेट्या, एक तांदळाची गोणी आणि झोपलेले मूल घेऊन दिव्याला उतरायचे, पूल चढायचा, पूल उतरायचा आणि आधीच दारापर्यंत भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायचे, हे ज्याने एकदा केले आहे तो दुसऱ्या वेळी खासगी बसचे दुप्पट भाडे निमूटपणे देतो. मग गाडीतली गर्दी कमी झाली, असा निष्कर्ष काढायला कागदावर जागा होते.

कोकण रेल्वेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात राज्यांचा पैसा होता. १९९० साली महामंडळ स्थापन झाले तेव्हा केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीत तिची बाजू लावून धरली, ई. श्रीधरन यांनी ती उभी केली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ती पूर्ण लांबीने खुली झाली. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल पाहायला लोक आजही खिडकीशी गर्दी करतात. एवढे अवघड काम झाले. परंतु मार्ग एकेरीच राहिला. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी बहुतेक ठिकाणी समोरून गाडी आली की कुणीतरी थांबायचे. कोण थांबते, ते टोकनगोळा यांनी सांगितलेच आहे.

म्हणजे २२ टक्के भांडवल घालूनही दादरचा फलाट आमच्याकडे राहिला नाही. माळरान, तुमच्या प्रश्नात मी माझाही प्रश्न मिळवतो.

ताळेबंद

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो, कारण या धाग्यावर ती कुणीतरी मांडलीच पाहिजे.

रेल्वेच्या तिकिटावर गेली काही वर्षे एक ओळ छापलेली असते: प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते. हा सर्व प्रवासी गाड्यांचा सरासरी आकडा आहे. दहा रुपयांच्या पॅसेंजरचा स्वतंत्र आकडा काढला तर तो याहून फार खाली असणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. उरलेली रक्कम कोळसा, लोहखनिज, सिमेंट यांच्या वाहतुकीतून येते. म्हणजे मालगाडीला मुख्य रुळावरून जाऊ देणे आणि पॅसेंजरला आत घेणे हा अन्याय आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पॅसेंजरचे भाडे ज्याच्या जिवावर दहा रुपये राहिले आहे, त्यालाच आपण अडवा म्हणत असतो. जुलै २०२५ मध्ये भाडेवाढ झाली, तीतही मासिक पास आणि मुंबईची लोकल यांना हात लावला गेला नाही आणि साध्या दुसऱ्या वर्गाला ५०० किलोमीटरपर्यंत वाढ लागली नाही. रेल्वे गरिबाला विसरली, असे सरसकट म्हणणे त्यामुळे मला जड जाते.

दुसरे, वंदे भारत आली म्हणून पॅसेंजर गेली, असा सूर काही ठिकाणी ऐकू येतो. वंदे भारत २०१९ साली आली. पॅसेंजरला लूपमध्ये घालण्याची रीत आमच्या आजोबांच्या वेळचीही आहे.

तिसरे, आज एसटी वाडीपर्यंत जाते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ती विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. वीस-पंचवीस किलोमीटरच्या प्रवासासाठी शेकडो टनांची गाडी दर आठ किलोमीटरला थांबवायची आणि पुन्हा वेगात आणायची, ही विजेची आणि मार्गाची उधळपट्टी नाही काय? लहान अंतर रस्त्याने, मोठे अंतर रुळाने, अशी विभागणी का असू नये?

टोकनगोळा

ताळेबंद, आपल्या तिसऱ्या मुद्द्याला थोडे तांत्रिक उत्तर देतो. थांबून पुन्हा वेग घेण्याचा खर्च मुख्यतः एका इंजिनाने ओढलेल्या जुन्या गाडीला भोवतो. मेमूमध्ये मोटारी गाडीच्या लांबीभर विभागलेल्या असतात, त्यामुळे ती झटकन वेग घेते आणि टोकाला पोहोचल्यावर इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावण्याचा खटाटोपही उरत नाही. पुणे–मिरज मार्ग आता बहुतांशी दुहेरी झाला आहे आणि त्यावर विजेच्या ताराही आल्या आहेत. म्हणजे ज्या कारणांसाठी पॅसेंजर नकोशी होती, त्यातली दोन मोठी कारणे पैसे खर्चून दूर झाली आहेत.

एक जुनी गोष्टही सांगतो. बार्शी लाईट रेल्वे ही छोट्या रुळांची लाईन १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केली. आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंतचा तुकडा आधी झाला, मग पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरज. तिच्या कंपनीला पंढरीच्या वाऱ्या म्हणजे सुगी होती. आषाढी-कार्तिकीला गाड्या वाढवायच्या, मिळेल तो डबा जोडायचा, कारण गाडी चालली तरच कंपनी चालणार. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि पुढे यथावकाश रूळही मोठे झाले. सोय वाढली, यात वाद नाही. पण त्या लहान गाडीला धनी होता, एवढे मात्र खरे.

ताळेबंद

धनी तर शकुंतलेलाही होता! यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही छोटी लाईन स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी मध्य रेल्वे चालवी आणि कंपनीला मोबदला देई. १९९४ पर्यंत तिथे वाफेचे इंजिन होते. मालक कागदावर शाबूत असताना रूळ झिजले आणि अखेर गाडी बंद पडली. तेव्हा केवळ मालक असून भागत नाही.

परदेशस्थ_मिरजकर

ताळेबंद यांनी नकळत नेमक्या जागी बोट ठेवले आहे, असे मला वाटते. मी मूळचा मिरजेचा, गेली बारा वर्षे जर्मनीत राहतो आणि रोज कामाला तिथल्या पॅसेंजरनेच जातो. म्हणून दोन्हीकडचे थोडे माहीत आहे.

जर्मनीत लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या रेल्वे कंपनी स्वतःच्या हिशेबाने चालवते. गावोगाव थांबणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. १९९६ पासून त्या गाड्या कुठून कुठे, तासाला किती, पहिली किती वाजता आणि शेवटची किती वाजता, हे प्रत्येक राज्य ठरवते. त्यासाठी केंद्राकडून राज्यांना ठरावीक निधी मिळतो. राज्य निविदा काढते, ज्या कंपनीला काम मिळेल तिच्याशी अनेक वर्षांचा करार करते आणि गाडी रद्द झाली किंवा डबे कमी आले तर पैसे कापते. म्हणजे तिथल्या पॅसेंजरला धनी असेल-नसेल, पण गिऱ्हाईक आहे. गाडीत चार माणसे असली तरी ती सुटते, कारण तिचे पैसे आधीच कुणीतरी मोजलेले असतात.

तिथे सगळे आलबेल आहे, असे मात्र समजू नये. लांब पल्ल्याच्या गाड्या वक्तशीरपणात इतक्या घसरल्या आहेत की २०२४ साली त्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि "वेळेवर" म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर धरून. आमच्या गावची गाडीही वेगवान गाडीसाठी बाजूला थांबते आणि डब्यातली माणसे अगदी आपल्यासारखीच घड्याळाकडे पाहून सुस्कारे सोडतात. फरक एवढाच की उशीर फार झाला तर राज्याच्या विधिमंडळात त्याबद्दल मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने नऊ युरोत महिनाभर देशातल्या कुठल्याही साध्या गाडीने फिरण्याची मुभा दिली गेली, तेव्हा त्या गाड्यांना वारीचे रूप आले होते. पुढे मे २०२३ पासून तशाच पासाची किंमत ४९ युरो ठेवली गेली, ती आता वाढली आहे. पण तो पास वेगवान गाड्यांत चालत नाही, साध्याच गाड्यांत चालतो. साध्या गाडीला स्वतःचे असे एक स्थान आहे, हे त्यातून दिसते.

आता आपल्याकडे पाहा. नगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाईन १९९५ च्या सुमारास मंजूर झाली आणि तिच्या खर्चाचा निम्मा भाग महाराष्ट्र शासनाने उचलला. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला गाडी पोहोचली, तेव्हा गावोगावची माणसे फलाटावर आली होती. वर्धा–यवतमाळ–नांदेड लाईनमध्येही राज्याचा वाटा आहे. कोकण रेल्वेचे दिवा_जंक्शन यांनी लिहिलेच. म्हणजे रूळ टाकण्यासाठी राज्याचा पैसा चालतो. एकदा रूळ पडले की त्यावरून दिवसात किती पॅसेंजर धावाव्यात, हे मात्र राज्य विचारत नाही आणि त्याला विचारलेही जात नाही.

आणि एसटीचे काय? महिलांचे अर्धे तिकीट आणि ज्येष्ठांचा मोफत प्रवास यांची भरपाई राज्य शासन एसटी महामंडळाला देते. म्हणजे प्रवाशाच्या वतीने प्रवास विकत घेण्याची पद्धत महाराष्ट्राला अपरिचित नाही. ती फक्त डांबरी रस्त्यावर थांबते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांसाठी सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन मेमू हव्यात, त्यांतली तूट आम्ही भरू, पण त्या लूपमध्ये दहा मिनिटांहून जास्त उभ्या राहता कामा नयेत, असा करार राज्याने रेल्वेशी का करू नये? शकुंतलेचा मालक मोबदला घेणारा होता. पॅसेंजरला गरज आहे ती पैसे देऊन मागणी करणाऱ्याची.

ताळेबंद

हा मुद्दा मला मान्य आहे. तूट कुणाची आणि किती, हे आधी लिहून ठेवले तर माझा विरोध उरत नाही. माझा आक्षेप न सांगता केलेल्या उपकाराला होता. कारण असा उपकार गुपचूप काढूनही घेता येतो, आणि तीस रुपयांच्या वेळी नेमके तेच झाले.

दिवा_जंक्शन

सहमत. तरीही एक शंका मांडतो. कोकण रेल्वेचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्याला आता महाराष्ट्रानेही संमती दिली आहे. दुहेरीकरणासाठी केंद्राचा पैसा मिळेल, या आशेने आम्हीही तिचे स्वागत केले. पण असलेले २२ टक्केही गेल्यावर राज्य कोणत्या तोंडाने गाडी मागणार? मिरजकर म्हणतात तसा करार विलीनीकरणाच्या कागदांतच घातला, तर दादरचा फलाट परत मिळण्याला काही आधार राहील.

टोकनगोळा

करार होईल तेव्हा होईल. तोवर माळरान यांना एक व्यवहाराची सूचना करतो. थांबा मागणारे किंवा वेळ बदलून मागणारे अर्ज आमच्याकडे येत ते "गावाची फार गैरसोय होते" अशा भाषेत येत. गैरसोय हा शब्द कुठल्याही तक्त्याच्या रकान्यात बसत नाही. आपल्या स्टेशनावर रोज कितीजण चढले, कितीजण उतरले, गाडी किती वाजता आली, कुठल्या स्टेशनावर किती वेळ थांबवली आणि तिच्यापुढे कोणती गाडी काढली, हे वहीत तीन महिने लिहा. विद्यार्थी, दवाखान्याचे प्रवासी आणि दूधवाले वेगळे दाखवा. रेल्वेजवळ विकलेल्या तिकिटांचा आकडा असतो. फलाटावर प्रत्यक्ष काय घडते याचा नसतो. अशी वही घेऊन एक मुख्याध्यापक एकदा माझ्याकडे आले होते. त्यांची शाळेच्या वेळची गाडी वीस मिनिटे अलीकडे आली. तेवढ्यासाठी दोन वर्षे लागली, तेही सांगून ठेवतो.

माळरान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धाग्याचे शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर "धनी" खोडून "गिऱ्हाईक" लिहिले असते.

टोकनगोळा यांच्या सूचनेप्रमाणे काल शंभर पानी वही आणली आणि आज पहाटे फलाटावर जाऊन बसलो. गाडी आली तेव्हा एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्याने लिहिणे जमेना, म्हणून शेजारच्या बारावीतल्या मुलीने मोजले आणि मी लिहिले. तिने स्वतःला मोजायचे राहून गेल्याचे गाडीत चढल्यावर तिच्या लक्षात आले आणि तिने खिडकीतून ओरडून सांगितले; म्हणून पहिल्याच ओळीत खाडाखोड आहे. नोंद अशी:

चढले ४२ (विद्यार्थी १९, दवाखान्याचे ६, बाकीचे १७). उतरले ८. किटल्या ११. गाडी १४ मिनिटे उशिरा. गार्डने सांगितलेले कारण, मागच्या स्टेशनावर एक्सप्रेस पुढे काढली.